किड्याला जात असते का?



दसऱ्यानंतरच्या रविवारी बहिणीकडे गेलो होतो. तिची वस्ती नारायणगडाच्या खालच्या अंगाला आहे. या दिवसांत आमच्या बीड जिल्ह्यात वस्त्यावस्त्यांवर एकच बोलणे चालते. मुकादमाकडून उचल किती घेतली, गाडी कधी भरायची, यंदा कोणता कारखाना. बहिणीच्या घरीही तेच चालले होते. दाजी कोयत्याला धार लावत होते, बहीण पीठ-मीठ बांधत होती. नववीत शिकणारी भाची मात्र घरात दिसेना. ती मागे जनावरांच्या हौदाशी बसली होती.

मला पाहताच उठली. "जयभीम मामा. हे बघा काय सापडलं."

तिने काड्यापेटी उघडून पुढे धरली. आत वाळलेला मातकट किडा होता. सहा पाय, मोठे डोळे, आणि पाठीवर उभी चीर.

"मेलाय की हा," मी म्हणालो.

"मेला नाही मामा. आतला निघून गेला. हे नुसतं टरफल. हौदाच्या भिंतीला अशी सात चिकटलीत. आन् त्यातनं निघालेला तो बघा, तिथं."

मी बघितले. भिंतच दिसली. तिने बोट अगदी जवळ नेले तेव्हा कुठे राखाडी, काळ्या ठिपक्यांचा, पंख पसरून भिंतीला चिकटून बसलेला चतुर दिसला. गेली वीस वर्षे त्या हौदावर मी हातपाय धुतो. एकदाही तो माझ्या नजरेला पडला नव्हता!

मग तिने खरा प्रश्न विचारला. "मामा, पुस्तकात दिलंय, सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आन् शेवटाला जाती. किड्याला बी जात असती का? आन् ती ठरवली कुणी?"

मी बी.कॉम. झालेला माणूस. खतावणी, रोजकीर्द, व्हाउचर यांच्यात माझा जन्म गेला. मी म्हणालो, "शाळेत विचार." ती म्हणाली, "विचारलं. जात म्हटल्यावर पोरं हसली. मग मी खाली बसले."

तिचे ते खाली बसणे माझ्या मनातून जाईना. परत आल्यावर बीडमध्ये प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचित सरांना गाठले, त्यांनी दिलेले वाचले, मोबाईलवरही पुष्कळ धुंडाळले. भाचीला जे उत्तर त्या दिवशी देता आले नाही, ते आज या सदरातून तिला आणि तिच्यासारखा प्रश्न मनात दाबून खाली बसलेल्या सगळ्या मुला-मुलींना देत आहे.

हौदातला जीव

चतुर आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पोरे त्याला हेलिकॉप्टर म्हणतात आणि शेपटीला दोरा बांधून उडवतात. जाड बांध्याचा आणि बसताना पंख पसरून ठेवणारा तो चतुर. काडीसारखी बारीक आणि बहुधा पंख मिटून बसणारी ती टाचणी. हे दोघे एकाच गणातले. जगात त्यांच्या सहा हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत, त्यातल्या सुमारे पाचशे भारतात आहेत.

आपण त्यांना हवेतले कीटक समजतो. पण त्यांचे सारे बालपण पाण्यात जाते. मादी पाण्यात किंवा पाण्याजवळ अंडी घालते. अंड्यातून निघणारे पिल्लू पाण्यातच राहते आणि वाढताना अनेकदा कात टाकते. चतुराचे पिल्लू शेपटीच्या टोकाने पाणी आत ओढते, त्यातला प्राणवायू घेते आणि तेच पाणी जोराने मागे फेकून पुढे झेपावते. त्याचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेल्या हातासारखा असतो. डासाची अळी जवळ आली की तो ओठ झटकन पुढे येतो आणि अळी तोंडात जाते. वाढ पुरी झाली की पिल्लू पाण्याबाहेर भिंतीवर किंवा गवताच्या काडीवर चढते, पाठ उकलते आणि आतून पंखवाला चतुर बाहेर पडतो. भाचीच्या काड्यापेटीतले टरफल ते हेच.

हौदाच्या भिंतीवरच्या त्या राखाडी चतुराचे शास्त्रीय नाव ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. हा आपल्याकडचा अगदी घरचा जीव आहे. विहिरीच्या भिंती, सिमेंटच्या टाक्या, खडकात साचलेले पावसाचे पाणी ही त्याची ठिकाणे. रांबूर नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १८४२ साली त्याची पहिली नोंद केली. शास्त्राच्या पुस्तकात त्याच्या नावापुढे "रांबूर, १८४२" असे लिहितात आणि त्याला कंस घालतात. कंस का? तर रांबूरने त्याला दुसऱ्याच प्रजातीत नोंदले होते. पुढे १८९३ साली कर्बी या अभ्यासकाने ब्रॅडिनोपायगा हे नवे खाते उघडले आणि हा चतुर त्या खात्यावर वर्ग झाला. मूळ नोंद करणाऱ्याचे नाव पुसायचे नाही, पण खाते बदलले आहे हे कंसाने दाखवायचे. हे वाचून मी चाटच पडलो. आमच्या कचेरीतही यापेक्षा वेगळे काय करतात?

आता पुढची गोष्ट ऐका. याच प्रजातीतला एक चतुर आपल्याच महाराष्ट्रात, कोकणच्या किनारपट्टीत होता. लोक त्याच्या शेजारून ये-जा करत होते. पण ही वेगळी जात आहे अशी नोंद शास्त्राच्या वहीत पडायला २०२० साल उजाडावे लागले. शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत या दोन अभ्यासकांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव दिले ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस. लॅटिनमध्ये नावाच्या शेवटी "एन्सिस" लावले की अर्थ होतो "तिथला". आपण आडनावाला "कर" लावतो ना, तसेच. रांबूरच्या नोंदीनंतर १७८ वर्षांनी हा कोकणकर वहीत आला.

तो एकटाच नाही. याच दोघांनी २०१९ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातून एक टाचणी नव्याने नोंदली, सेरियाग्रियॉन क्रोमोथोरॅक्स. क्रोमो म्हणजे रंग, थोरॅक्स म्हणजे छाती. छातीच्या रंगावरून हे नाव पडले. २०२१ साली साताऱ्याजवळच्या ठोसेघरच्या नावाने यूफिया थोसेघरेन्सिस ही टाचणी नोंदली गेली. २०२२ साली सावंतवाडी तालुक्यातल्या चौकुळ गावाचे नाव एका चतुराला मिळाले, बर्मागोम्फस चौकुळेन्सिस. म्हणजे नवा जीव शोधायला ॲमेझॉनच्या जंगलात जावे लागते असे नाही. तो गावच्या ओढ्यावरही बसलेला असू शकतो. मात्र बघणारा डोळा हवा.

व्हाउचरशिवाय नोंद नाही

पण "मला नवा किडा सापडला" असे म्हटल्याने तो नवा ठरत नाही. इथे शास्त्राचे काम आमच्या लेखाविभागापेक्षा कडक आहे.

पहिली पायरी, जुन्या वह्या तपासणे. आपल्याकडच्या चतुर-टाचण्यांची मोठी खतावणी फ्रेझर या इंग्रज लष्करी डॉक्टरने लिहून ठेवली आहे. तिचे तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ साली निघाले. आजही नवा दावा करणाऱ्याला ते उघडावेच लागतात. त्यानंतरचे सगळे लेखही पाहावे लागतात. आधीच नोंदलेल्या जीवाची दुसऱ्या नावाने पुन्हा नोंद झाली तर नियमाने सहसा जुने नाव राहते आणि नवे रद्द होते. एकाच माणसाच्या नावाने दोन रेशनकार्डे निघाली तर एक रद्द होते, तसेच हे.

दुसरी पायरी, पुरावा. नुसता फोटो सहसा पुरत नाही. आवश्यक त्या परवानग्या घेऊन नमुना गोळा करावा लागतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पंखातल्या शिरांचे जाळे, छातीवरचे पट्टे, पाय आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नराच्या शेपटीच्या टोकाचे आकडे. मीलनाच्या वेळी चतुराचा नर या आकड्यांनी मादीचे डोके धरतो, टाचणीचा नर मान धरतो. जातीजातींत या आकड्यांची घडण वेगळी असते. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला बसत नाही, तसे समजा. रंग फसवतो, कारण वयाप्रमाणे तो बदलतो आणि मेल्यावर उडतो. घडण सहसा फसवत नाही. आजकाल जोडीला पेशींतल्या डीएनएचीही तुलना करतात.

तिसरी पायरी, मूळ प्रत. ज्या एका नमुन्यावरून जातीचे वर्णन लिहिले त्याला होलोटाइप म्हणतात. तो कायमचा जपून ठेवायचा असतो. आपल्या देशात १९१६ साली स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था हे जपणुकीचे काम करते. तिचे मुख्यालय कोलकात्याला आहे आणि आपल्या भागाचे केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. शंभर वर्षांनी कोणाला शंका आली, तर त्याने तो नमुना पाहावा आणि स्वतः पडताळून घ्यावे. अशा जपून ठेवलेल्या नमुन्यांना शास्त्रज्ञ काय म्हणतात ठाऊक आहे? व्हाउचर! सरांनी हा शब्द उच्चारला तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच. व्हाउचर नसेल तर खर्च मान्य नाही, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. किड्यांच्या वहीतही तोच नियम निघाला.

चौथी पायरी, नाव आणि प्रसिद्धी. नाव दोन शब्दांचे असते, पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. स्वीडनच्या लिनियसने १७५८ सालच्या ग्रंथात प्राण्यांसाठी ही रीत सरसकट वापरली आणि ती जगाने स्वीकारली. शोधकाने स्वतःचेच नाव जीवाला देण्याची रीत नाही. वर्णन मासिकात छापण्यापूर्वी दुसरे जाणकार ते तपासतात, त्रुटी काढतात, परत पाठवतात. सगळे उत्तर पटले तरच ते छापले जाते.

थोडक्यात, ती जात कोणी ठरवली या भाचीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की कोणा एकाने गादीवर बसून ठरवली नाही. पुरावा ठेवून ठरवली, आणि पुरावा चुकला तर ती उद्या बदलताही येते.

दिसायला एक, निघाले दोन

त्याच हौदाच्या गाळात भाचीने मला लाल धाग्यासारख्या अळ्याही दाखवल्या. तुम्हीही टाकी धुताना पाहिल्या असतील. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे जे लाल द्रव्य असते तसलेच त्यांच्या अंगात असते, म्हणून गाळात प्राणवायू कमी असला तरी त्या जगतात. त्यांचा पुढे डासासारखा दिसणारा, पण न चावणारा कीटक होतो. या कीटकांची एक मोठी प्रजाती आहे, कायरोनोमस. आपल्याकडच्या तळ्या-टाक्यांपासून थेट उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशापर्यंत तिचे भाऊबंद पसरले आहेत.

त्या ध्रुवाकडच्या प्रदेशाला टुंड्रा म्हणतात. तिथे झाड उगवत नाही. जमीन खाली बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थर विरघळतो, पाणी खाली मुरत नाही आणि जिकडेतिकडे उथळ तळी साचतात. जेमतेम तीन महिने पाणी, बाकी काळ तळापर्यंत बर्फ. आपल्याकडच्या खडकातल्या डबक्याला चार महिने पावसाचे मिळतात, तिथल्या डबक्याला तीन महिने उन्हाचे. दोन्हीकडे जीवाला घाई असते.

अमेरिकेच्या अलास्का प्रांतात बॅरो नावाचे गाव आहे. २०१६ पासून त्याचे नाव उत्किआग्विक झाले आहे. तिथल्या टुंड्रा तळ्यांत माल्कम बटलर या संशोधकाने या लाल अळ्यांचा अभ्यास केला. १९८२ साली त्याने दाखवून दिले की तिथे अळीचा पंखवाला कीटक व्हायला सात वर्षे लागतात! आपल्याकडे ऊब असते, म्हणून हेच काम काही आठवड्यांत उरकते. तिथे ती अळी दर हिवाळ्यात गाळाबरोबर गोठते, दर उन्हाळ्यात थोडी वाढते, आणि सातव्या वर्षी उडते.

त्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. दिसायला एकाच वाटणाऱ्या त्या कीटकांत दोन जाती होत्या. एक आधी पाण्याबाहेर पडे, दुसरी मागाहून. या वेळेच्या फरकावर आणि अंगाच्या घडणीतल्या बारीक खुणांवर बोट ठेवून त्याने दोन नव्या जाती नोंदल्या. लवकर येणारीचे नाव कायरोनोमस प्रायर, म्हणजे "आधीची". उशिरा येणारीचे नाव कायरोनोमस टार्डस, म्हणजे "उशिराची". किती साधी नावे! पण ती देण्यासाठी माणसाला बर्फाळ तळ्याच्या काठी बसून कोण कधी बाहेर पडतो याची तारीखवार नोंद ठेवावी लागली. मोठे यंत्र नंतर, आधी वही.

मग माणसाच्या जातीचे काय?

आता भाचीच्या प्रश्नातल्या त्या बोचऱ्या शब्दाकडे येतो. शास्त्राच्या पुस्तकात "जाती" हा शब्द आपल्या व्यवहारातून उचलला, पण त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. ज्या जीवांचा आपसांत संकर होतो आणि होणारी संतती पुढे संतती देऊ शकते, ते सारे ढोबळमानाने एका जातीचे. सगळ्या जीवांना ही कसोटी लावता येत नाही, म्हणूनच तर आकडे, शिरा, तारखा तपासाव्या लागतात. पण माणसाला ती बिनचूक लागू पडते. कसोटी लावा आणि बघा. नारायणगडाच्या खालचा आणि अलास्काचा, राजवाड्यातला आणि गावकुसाबाहेरचा, सगळ्या माणसांची शास्त्राने जात एकच नोंदली आहे, होमो सेपियन्स. शास्त्राच्या पुस्तकात माणसाच्या जातीच्या रकान्यात दुसरे नावच नाही.

याच्या उलट टुंड्रातले ते दोन कीटक बघा. दिसायला एक, पण तपासल्यावर दोन निघाले. माणसांत हजारो जाती सांगितल्या, पण तपासल्यावर एकच निघते. शास्त्रात आणि रूढीत हा फरक आहे.

आणखी एक. शास्त्राच्या वर्गीकरणात वरची आणि खालची पायरी असते, पण ती मोठ्या गटाची आणि लहान गटाची. गण मोठा, कुल त्याहून लहान, जाती सर्वांत लहान, एवढाच तिचा अर्थ. चतुर पवित्र आणि गाळातली लाल अळी अपवित्र असा रकाना त्या वहीत नाही. दोघांनाही नावे मिळतात, दोघांचेही नमुने सारख्याच काळजीने जपतात.

मात्र शास्त्रज्ञही माणूसच असतो, हेही सांगितले पाहिजे. ज्या लिनियसने नावांची रीत घालून दिली, त्यानेच १७५८ च्या त्या ग्रंथात माणसांचे खंडांप्रमाणे चार गट पाडले आणि कोण शहाणा, कोण आळशी असे गुणही चिकटवून दिले. त्याला व्हाउचर काय होते? काहीच नाही. तो त्याच्या काळाचा पूर्वग्रह होता. पुढच्या शास्त्राने त्याची दोन शब्दांची रीत ठेवली आणि ती बिनपुराव्याची नोंद खोडली. बाबासाहेबांनीही १९३६ च्या "ॲनिहिलेशन ऑफ कास्ट" या न झालेल्या भाषणात, जातिभेद म्हणजे वंशभेद हा दावा तपासूनच खोडून काढला आहे. तेव्हा भाचीबाई, वर्गात कोणी हसले तर बसू नकोस. उभी राहा आणि विचार, "तुझ्या जातीचं व्हाउचर दाखव."

नोंद झाली तर काय होते?

कोणी म्हणेल, पोटाला चिमटा घेणाऱ्या माणसाने किड्यांच्या नावांचे काय करावे? प्रश्न रास्त आहे. उत्तर आंबोलीत आहे. सिंधुदुर्गातल्या आंबोलीला देवळाच्या कुंडात एक लहानसा मासा राहतो. २०२० साली त्याचे वर्णन नवी जात म्हणून प्रसिद्ध झाले, शिस्टुरा हिरण्यकेशी. आणि २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा आधीही तिथेच होता. पण नाव नव्हते तोवर त्याच्यासाठी अर्जही करता येत नव्हता. बिननावाचा अर्ज कोणती कचेरी घेते?

उलट बाजूही आहे. कोकणात जांभ्या दगडाचे सपाट माथे आहेत, त्यांना सडा म्हणतात. उन्हाळ्यात तिथे नुसता तापलेला दगड. पण पावसात तिथल्या खळग्यांत पाणी साचते आणि त्यात नाना जीव वाढतात. कागदोपत्री अशी जमीन पडीक समजली जाते, मग तिथे चिरेखाण होते किंवा सपाटीकरण होते. तिथे काय होते याची नोंदच नसेल, तर काय गेले हे तरी कोण सांगणार?

आपल्या बालाघाटाच्या डोंगरात काळा पाषाण आहे. त्याच्या खळग्यांत, पडक्या विहिरींत, दगडखाणींच्या डबक्यांत पावसाळ्यात काय जगते? ते पाहायला पुण्या-मुंबईचा माणूस दर आठवड्याला येणार नाही. भाची मात्र रोज हौदावर असते.

आता करायच्या गोष्टी

एक. मुलांना शंभर पानी वही द्या. तारीख, वेळ, जागा, पाणी किती, काय दिसले, कितीने दिसले, एवढेच रकाने. जमले तर चित्र, मोबाईल असेल तर फोटो. जीव मारू नका, दोरा बांधू नका. भिंतीवरची टरफले गोळा केली तरी पुष्कळ कळते. विहिरीच्या काठावर एकट्या मुलाला पाठवू नका.

दोन. पिण्याच्या आणि वापरायच्या पाण्याच्या टाक्या आठवड्याला रिकाम्या करून घासाव्यात, झाकून ठेवाव्यात. आरोग्य सेविका सांगतात ते बरोबरच आहे, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. चतुराच्या भरवशावर राहून ताप ओढवून घेऊ नका. पण म्हणून पडक्या विहिरीत आणि खाणीच्या डबक्यात कचरा किंवा औषधाच्या बाटल्या टाकायचे कारण नाही. तिथे चतुराची पिल्ले डासांच्या अळ्या खाऊन आपलेच काम करत असतात.

तीन. हे मोठ्यांसाठी. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. ग्रामसभेत उभे राहून ती वही दाखवा म्हणा. तिच्यात आपल्या वस्तीची विहीर, आपला ओढा, आपले पाणकीटक आहेत का ते वाचा. नसतील तर लिहून द्या, आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका, हे एका कारकुनाचे सांगणे आहे.

शेवटी भाचीचे. त्या दिवशी जेवताना मी दाजींकडे विषय काढला. यंदा तिलाही बरोबर न्यायचे घाटत होते. दाजी म्हणाले, "पाव्हणं, मला का हौस आहे? पण पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवू?" त्यांचे चुकत नव्हते. रात्री उशिरापर्यंत बोलणे झाले. शेवटी म्हातारीने यंदा कारखान्यावर न जाता घरीच राहायचे ठरवले. शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवणाची सोय होते का, ते मी मुख्याध्यापकांना भेटून पाहिले. सोय झाली. गाडी दिवाळीनंतर निघाली, भाची मागे राहिली. पुढच्या वर्षी काय होईल ते आज सांगता येत नाही. पण यंदाच्या हजेरीपटावर तिचे नाव आहे.

परवा तिचा फोन आला. हौदात आता टरफले सापडत नाहीत, पण गाळातल्या लाल अळ्या अजून आहेत. तिने त्या मोजायला सुरुवात केली आहे. वहीच्या पहिल्या पानावर तारीख, आणि जागेच्या रकान्यात लिहिले आहे, "आमचा हौद, नारायणगड."

ज्या घरांत अशी वही सुरू होईल, त्यांनी महिनाभराने पहिल्या पानाची नक्कल मला पाठवावी. याच सदरात ती मुलांच्या नावानिशी छापू.